एक निजलाय, एक बसलाय

तौकीरभाऊ गादीवाले ‘दिसला’ म्हणत नाहीत, तोवर आमच्या गल्लीत चांद दिसला असं कुणी मानत नाही. मी हिंदू बाई, कारंज्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते, घरात पंचांग आहे, हातात मोबाईल आहे, तरी रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी माझेही कान त्यांच्या गच्चीकडे असतात. तौकीरभाऊ कपाळावर हात धरून पश्चिमेकडे बघत उभे राहतात. पोरं भोवती गलका करतात, कुणी म्हणतं तो पाहा, कुणी म्हणतं तिथं. हे गप्प. डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा बघतात. मग एकदाच हळू आवाजात म्हणतात, “दिसला.” आणि चपला घालून मशिदीत गवाही द्यायला जातात.

एका वर्षी पाच-सहा तरण्या पोरांनी एकदम आरोळी ठोकली. बारीक पांढरी कोर सगळ्यांना दिसत होती, मलाही दिसली. तौकीरभाऊ म्हणाले, “थांबा. थो विमानाचा धूर हाय. पसरते का नाही पाहा.” पाच मिनिटांत ती कोर विस्कटली आणि विरून गेली. शिरखुर्म्यासाठी दूध आणून ठेवलेल्या बायका त्यांच्यावर फुगल्या. एकीनं तोंडावर विचारलं, “चाचा, एक दिवस आधी ईद झाली असती तं काय बिघडलं असतं?”

“माह्यं तोंड बिघडलं असतं,” ते म्हणाले.

असा हा काटेकोर माणूस. आणि गल्लीतली सगळ्यात मोठी थाप नेमकी त्यांच्याच नावावर होती. नऊ वर्षांचे असताना त्यांनी म्हणे चांदावर उतरलेली दोन माणसं नुसत्या डोळ्यांनी पाहिली होती.

ही गोष्ट ते स्वतः कधीच सांगत नसत. सांगायच्या त्यांच्या थोरल्या बहीण, सिताराआपा. आपांना सातव्या वर्षी देवी आल्या. जीव वाचला, डोळे गेले. लग्न झालं नाही. बापाच्या दुकानात कापसाजवळ बसल्या, त्या आज अडुसष्ट-एकोणसत्तरच्या झाल्या तरी तिथंच आहेत. दुकान जुनं. भिंतीवर त्यांच्या अब्बांची पिंजायची धनुकली टांगलेली, खाली तौकीरभाऊंच्या मुलानं, शादाबनं, आणलेलं पिंजायचं मशीन. मशीन चालू झालं की दुकानभर कापूस उडतो, आणि उन्हाच्या तिरिपेत तो इतका सावकाश खाली येतो की मी गादीचं बोलायला गेलेली बाई तासभर नुसती बघत बसते. आपा कोपऱ्यात मांडीवर कापूस घेऊन बोटांनी त्यातली सरकी आणि कचरा वेचतात. जुन्या गादीचा कापूस हातात आला की त्या घरात लेकरू आहे की म्हातारं माणूस, हेही सांगतात. माझ्या माहितीत त्या अजून चुकलेल्या नाहीत.

या बहीणभावांची एक रीत होती. दर महिन्याला चांद दिसला की तौकीरभाऊ गादीच्या जाड दोऱ्याचा बोटभर तुकडा तोडायचे आणि आपांच्या तळहातावर वाकवून ठेवायचे. आभाळात कोर जशी असेल तशी, तेवढीच वाकडी, तेवढीच कललेली. आपा दुसऱ्या हाताचं बोट त्यावरून फिरवायच्या आणि मूठ मिटायच्या. झालं, चांद पाहिला. घरात त्यांची बोली उर्दू, गिऱ्हाइकाशी आणि भांडताना मात्र वऱ्हाडी. पण दोरा ठेवताना दोघंही काही बोलत नसत.

आपांची गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल.

“मी तेरा वर्साची, हा नऊचा. बाजारातल्या हाटेलात रेडू लावेल होता. सारे म्हणून राह्यले, चांदावर दोन माणसं उतरले. म्या म्हटलं, तौकीर, जा बरं, पाहून ये. मले सांग, काय करून राह्यले थे. दिवेलागणीले हा चढला कौलावर. आभाळ भरेल होतं. लय वेळ बसला वरती. मंग आभाळ फाटलं अन् हा खाली आला. म्हणे, आपा, दिसले! एक निजला हाय, एक बसला हाय.”

इथं आपा हसायच्या आणि मान माझ्याकडे वळवायच्या. “कोणाच्या भावानं पाह्यलं व असं?”

गल्लीतल्या तीन पिढ्यांची पोरं ही गोष्ट ऐकत मोठी झाली. गोष्ट सुरू झाली की तौकीरभाऊ काहीतरी आठवल्यासारखं करून उठायचे आणि आत जायचे. मला वाटायचं, लाजतात.

आता माझा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मला चुकीचं ऐकवत नाही. माझे मिस्टर म्हणतात, लग्नात भटजी चुकले असते तर हिनं अंतरपाट खाली करून सांगितलं असतं. पण आपांच्या या गोष्टीला मी कधी हात लावला नाही. तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरवरचा माणूस दिसत नसतो, हे वाक्य माझ्या जिभेवर यायचं आणि तिथंच बसायचं. त्याऐवजी मी आपांचे बाकीचे गैरसमज दुरुस्त करत सुटले. त्यांनाही तेच हवं असायचं. मी दुकानात पाय ठेवला की त्यांचा पहिला प्रश्न चांदावरचा.

“रत्ना, तिथं वजनच नसते म्हणते ना?”

“असतं, आपा. पण सहावा हिस्सा. साठ किलोचं गठुडं दहा किलोचं लागेल.”

“मंग तं मीबी उचलीन!” आपा खूश. थोडा वेळ कापूस वेचायचं थांबवून त्या मनातल्या मनात गठुडी उचलत बसल्या असाव्यात. मग म्हणाल्या, “अन् इफ्रा म्हणते, टीवीत माणसं तरंगते. थे कसं?”

इफ्रा म्हणजे शादाबची मुलगी, आमच्याच शाळेत आठवीला. मी आपांना समजवायला लागले. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात ओढ नसते असं सगळ्यांना वाटतं, पण ओढ असतेच. यान आणि आतली माणसं सगळी मिळून सारखी पडत असतात, फक्त पुढं जाण्याचा वेग एवढा की पडता पडता पृथ्वीला वळसा बसतो. वर्गात हे सांगितलं की पोरं माझ्याकडे बघतच राहतात. आपांनी क्षणभर विचार केला.

“म्हंजे गच्चीवरून गादी खाली फेकली अन् तिच्यासंगं आपुनबी पडलो, तं गादी आंगाले टेकन का? नाही टेकन. दोघंबी पडूनच राह्यले.”

सत्तावीस वर्षांत मला जे वर्गाच्या गळी उतरवता आलं नाही, ते आपांनी एका गादीत सांगितलं. मी ते उदाहरण आता दरवर्षी वापरते, आणि आपांचं नावही सांगते.

चांदावर हवा नाही म्हणून आवाज नाही, हे मी सांगितलं त्या दिवशी मात्र त्यांच्या मांडीवरचा कापूस तसाच राहिला. मशीन बंद होतं. कापसाचा एक पुंजका त्यांच्या ओढणीवर येऊन बसला होता.

“मंग माह्यं कसं होईन तिथं?” त्या म्हणाल्या. “माह्यापाशी तं आवाजच हाय.” आणि मग आपलं आपणच, “पाय तं टेकतीन ना जमिनीले? पायानं पाहीन. तू म्हणत होती, भुकटी हाय, पिठावानी. पाय रुतन, उचलला का ठसा तसाच राहीन.” त्यांनी चप्पल काढून पाऊल फरशीवर पडलेल्या कापसावर ठेवलं, अगदी हलकं. त्या वेळी आपा कारंज्यात नव्हत्या. मी चहा न घेताच उठले, कारण बोलून ती जागा मोडायचा धीर झाला नाही.

त्यांना सगळ्यात आवडायचा तो तिसरा. दोघं खाली उतरले तेव्हा जो वर एकटाच चांदाभोवती चकरा मारत होता, तो. चांदाच्या मागं गेला की त्याला पृथ्वीवरचं कुणाचंही बोलणं ऐकू येत नसे. मी म्हटलं, लोकांना वाटतं मागच्या बाजूला कायम अंधार असतो, पण तसं नाही. ऊन तिथंही पडतं, आपल्याला फक्त ती बाजू दिसत नाही.

“आपल्याले दिसत नाही म्हणून तिकडं अंधार, असं कोण म्हणते?” आपा एकदम चिडून म्हणाल्या. मी कुणाची बाजू घेऊन बोलते आहे हे मलाच कळेना.

दोन हजार पंचवीस सालच्या विज्ञान दिनाला मी शाळेत मोठा कार्यक्रम ठरवला. भिंतीवर तक्ता लावला, ‘अंतराळाचे गैरसमज’. आणि डोक्यात आलं, चांदावर माणूस उतरला तो दिवस आठवणारं कुणीतरी आणावं. पोरांना वाटतं ही सगळी मोबाईलमधली गोष्ट. मी तौकीरभाऊंना विचारलं. ते नाही म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हणाले. मग इफ्रानं घरी जाऊन आपांनाच आमंत्रण दिलं, आणि आपा भावाशिवाय कुठं जात नाहीत. अठ्ठावीस फेब्रुवारीला दोघं पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसले होते. आपांनी ईदचा ठेवणीतला पांढरा दुपट्टा घेतला होता.

मी सुरुवात जोरात केली. झेंडा हवेनं फडकला नाही, वरच्या बाजूनं आडवी काठी होती. फोटोत तारे नाहीत, कारण उन्हानं लखलखणाऱ्या जमिनीसाठी कॅमेरा लावला की बारीक तारे उमटत नाहीत. माणूस एकदाच गेला असंही नाही. सहा वेळा उतरले, मिळून बारा जण चालले, आणि बहात्तर सालानंतर तिथं कुणी पाऊल ठेवलं नाही. एका पोरानं विचारलं, झेंडा दुर्बिणीतून दिसते का? मी म्हटलं, “पृथ्वीवरच्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणीतूनसुद्धा दिसत नाही. एवढं अंतर आहे.”

मग आपांच्या हातात माईक दिला. त्यांनी गोष्ट सांगितली. हॉटेलातला रेडिओ, कौलं, फाटलेलं आभाळ. पोरं श्वास धरून ऐकत होती. “एक निजला हाय, एक बसला हाय,” आपा म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. तिचा काही दोष नाही, प्रश्न विचारा असं मीच सकाळपासून ओरडत होते. ती म्हणाली, “मॅडम, दुर्बिणीतून झेंडा दिसत नाही म्हणता, मंग याह्यले माणसं कसे दिसले?”

मी, जी कुणाला सोडत नाही, ती टेबलावर खडू शोधायला लागले. खडू माझ्या हातातच होता.

तौकीरभाऊ उभे राहिले. “नाही दिसत, पोरी,” ते म्हणाले. “मले नाही दिसले. म्या खोटं सांगतलं होतं.” मग बहिणीकडे वळले. “आपा, नुसता चांद होता. अर्धा. त्याच्यावर कोणी दिसत नोतं.”

आपांनी माईक मांडीवर ठेवला, मग चाचपडत माझ्याकडे धरला. “इफ्रा,” त्या म्हणाल्या, “मले घरी घेऊन चाल.” भावाचं नाव त्यांनी घेतलं नाही.

दुसऱ्याच दिवशी रमजानचा चांद दिसला. तौकीरभाऊ गच्चीवरून उतरले, दोऱ्याचा तुकडा घेऊन आपांसमोर बसले. आपांची मूठ मिटलेली. “मशिदीतून सांगतीन,” त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भोंगा ऐकून रोजा धरला. त्यानंतर महिनाभर त्या भावाशी एक शब्द बोलल्या नाहीत. एकाच दुकानात, चार हातांवर, एक टाके घालतो आहे आणि एक सरकी वेचते आहे, आणि मध्ये कापूस उडतो आहे.

मी आपांना समजवायला गेले. लहान पोर होतं, तुमचा जीव रमावा म्हणून बोललं, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.

“रत्ना, लहान पोराचा राग कोण धरते? पण तू माह्या जागी बसून पाहा. डोळे गेल्यापासून म्या एकही चांद पाह्यला नाही. जेवढे पाह्यले, त्याच्या तोंडून पाह्यले. पंचावन्न वर्स रोजे त्याच्या शब्दावर धरले, ईद त्याच्या शब्दावर केली. त्याच्यातला एक खोटा निघाला. आता बाकीच्यातले कोणते खोटे, थे मी कशी वळखू?”

ते ओळखायचं कसं, हे माझ्या तक्त्यावर नव्हतं. मी घरी आले आणि स्वतःवरच चरफडत राहिले. गैरसमज दूर करायला निघाले होते, आणि एका आंधळ्या बाईच्या हातातले सहा-सातशे चांद सांडून आले होते.

मग मी वाचत बसले, दुसरं काय करणार. त्या मोहिमेच्या नोंदी काढल्या, तिकडच्या वेळा आपल्या घड्याळात बसवल्या. आपल्याकडे ती एकवीस जुलैची सकाळ होती, साडेआठच्या सुमारास पहिलं पाऊल पडलं. त्या वेळी कारंज्याच्या आभाळात चंद्र उगवलासुद्धा नव्हता. अकराच्या आत दोघं यानात परत. आणि दुपारपासून रात्री साडेआठपर्यंत त्यांच्या वेळापत्रकात एकच गोष्ट होती, विश्रांती. यानात पलंग नव्हता, एवढीशी जागा. एक जण खाली जमिनीवर आखडून निजला. दुसरा इंजिनाच्या झाकणावर टेकून बसला, पाय एका पट्ट्यात अडकवून.

मी ती ओळ तीनदा वाचली. एक निजलेला, एक बसलेला. आणि वेळ तीच, दिवेलागणीची, जेव्हा नऊ वर्षांचा पोरगा कौलावर बसून ढग फाटायची वाट बघत होता.

सकाळी दुकान उघडायच्या आत मी तिथं हजर. तौकीरभाऊंना सगळं सांगितलं, तारखेसकट, घड्याळासकट. मला वाटलं, माणूस उडी मारेल. ते सुईत दोरा ओवत होते. तो ओवून झाल्यावर म्हणाले, “खरं निघालं, म्हणून पाह्यलं होतं असं होते का, मॅडम?”

त्यांनी दोऱ्याची टोकं जुळवली.

“अब्बा धनुकली खांद्यावर घेऊन खेड्यापाड्यानं फिरायचे. पार धनज गावापर्यंत पायी. घरी आले का अंगणातच आडवे व्हायचे, अन् संगं फिरणारे आमचे चाचा, अब्बाचे भाऊ, त्यायच्याजवळ बसून रायचे. आपा म्हणे, थे काय करून राह्यले सांग. म्या चांद पाह्यला, त्याच्यावर काहीच नोतं. खाली आलो तं आपाचं तोंड असं वर करेल. मले वाटलं, दिवसभर चालून थकले असतीन, दुसरं काय करतीन? म्हणून अब्बाचं सांगतलं.” त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. “त्याच्यानंतर म्या कधी न पाह्यलेलं सांगतलं नाही. लोकायले वाटे, चाचा लय कडक. मी कडक नाही, मॅडम. मी भ्यालेलो हाय. रोज वाटे आज सांगतो, आज सांगतो. तिले एवढा आनंद होये थे सांगताना.”

आपा कोपऱ्यात होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, हे मला माहीत होतं; तीस फुटांवरची सुई पडलेली त्यांना ऐकू येते. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले. सरकी वेचता वेचता त्यांनी विचारलं, “त्यायच्या खाली गादी होती का?”

“नव्हती, आपा. नुसता पत्रा.”

“थंडी?”

“होती. थंडीनं आणि आवाजानं धड झोपच लागली नाही त्यांना.”

“एवढ्या दूर गेले अन् गादी नाही नेली,” आपा म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्या दोघांसाठी होतं की आणखी कशासाठी, मी विचारलं नाही. भावाशी मात्र त्या त्या दिवशीही बोलल्या नाहीत.

रमजानचा एकोणतिसावा दिवस आला तो नेमका गुढीपाडव्याला. सूर्य मावळताना मी गुढी उतरवली, साखरेची गाठी पदरात घेतली आणि तौकीरभाऊंची गच्ची गाठली. आपांना हात धरून वर आणलं होतं. त्या कठड्याजवळ एका नव्या गादीवर बसल्या होत्या, शेजारी इफ्रा. दिवसभराची उष्णता गच्चीतून वर येत होती, आणि पश्चिमेला आभाळ पिकल्या पपईसारखं झालं होतं. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर माणसं, सगळ्यांची तोंडं एकीकडे. वर्षातून एकदा सारं गाव असं काही न मागता आभाळाकडे बघत उभं राहतं, ते मला फार आवडतं.

तौकीरभाऊ कपाळावर हात धरून उभे होते.

पलीकडच्या गच्चीवरून आरोळी आली. मग आमच्या गच्चीवर. “थो पाहा! टाकीच्या वरती!” मलाही दिसला, केसाएवढा. शादाबला दिसला, इफ्रा टाळ्या पिटायला लागली. सगळे तौकीरभाऊंकडे वळले. त्यांनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा बघितलं. पुन्हा मिटले.

“अब्बा, म्हणा ना,” शादाब म्हणाला.

“मले नाही दिसला.”

“चाचा, साऱ्यायले दिसून राह्यला! धूर नाही, काही नाही.”

“मंग साऱ्यायनं जाऊन गवाही द्या. खरं असन तुमचं. मले नाही दिसला.”

पोरं चुळबुळली. शादाब दोघांना घेऊन मशिदीकडे गेला. तौकीरभाऊ सावकाश चालत आले आणि बहिणीसमोर खाली बसले. उत्तर मिळणार नाही हे माहीत असलेल्या माणसासारखे ते बोलले.

“आपा, डोळ्यात मोतीबिंदू उतरला असन. मांगच्या महिन्यातच लय मुश्कीलीनं दिसला होता. आज नाही दिसला. म्हटलं, तुले आपुनच सांगावं.” त्यांनी खिशातून दोऱ्याचा तुकडा काढला, क्षणभर बोटांत धरला आणि माझ्या हातात दिला. “मॅडम, तुमी पाह्यला. तुमी ठेवा.”

आपांची मूठ मांडीवर होती. मी वाट बघितली. मूठ उघडली.

मी दोरा वाकवला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला, दरवर्षी फळ्यावर काढते तसा, नीट उभा. आपांनी त्यावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. कपाळाला आठी पडली.

“असा?”

“हो, आपा.”

“रत्ना, तू चांद पाह्यला का पुस्तक पाह्यलं?”

मी काही बोलायच्या आत त्यांनी बोटानं दोरा ढकलून फिरवला आणि आडवा केला, दोन्ही टोकं वर. “चैताचा चांद पाठीवर निजेल रायते. पावसाळा सरला का तिरपा होते. उभा कधीच नाही होत. दरसाल तौकीरनं असाच ठेवला.”

मी वर पाहिलं. टाकीच्या वर कोर अगदी पाठीवर निजली होती, दोन्ही टोकं आभाळाकडे. सत्तावीस वर्षं मी ती फळ्यावर उभी काढत आले होते. गैरसमजांच्या तक्त्यावरही कोपऱ्यात शोभेला काढली होती, उभीच.

“आपा,” मी म्हटलं, “तुमचं बरोबर आहे. तसाच आहे.”

आपांचं बोट दोऱ्यावर थांबलं होतं. आपण आत्ता काय बोललो, आणि आभाळातला चांद तौकीरच्या दोऱ्याशी कसा जुळला, ते त्यांच्या ध्यानात येत होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चैताचे, पावसाळ्यानंतरचे, थंडीतले, सगळे चांद त्या हातावरून जात असावेत, एकेक तपासून. मशिदीचा भोंगा वाजला, चांद दिसल्याचं सांगितलं गेलं, खाली गल्लीत फटाके फुटले. त्यांनी मूठ मिटली.

“तौकीर.”

“हो, आपा.”

“ईद झाली का डोळ्याचं आपरेशन करून घे. पुढचा चांद मले तुह्याच हातचा पायजे.”

तौकीरभाऊंनी खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं, उठले आणि चपला शोधू लागले. गवाहीला तर शादाब केव्हाच गेला होता. ते शिरखुर्म्याचं दूध आणायला निघाले.